मुलगा १७ चा, ऑटिझम आहे. कॅलिफोर्नियात राहावं, पुण्याला यावं की मेलबर्न?

सॅनहोजेची_आई:
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. आमचा मुलगा १७ वर्षांचा आहे, ऑटिझम आहे, तोंडाने पाचसहा शब्द, बाकी सगळं टॅबलेटवरची चित्रं दाबून बोलतो. जन्म पुण्याचा, तो ४ वर्षांचा असताना इकडे आलो, नवऱ्याचा एच-वन-बी म्हणजे नोकरीचा व्हिसा, मी आणि मुलगा एच-फोर म्हणजे त्याच्यावर अवलंबून असलेल्यांच्या व्हिसावर आणि ग्रीन कार्डची रांग हलतच नाही. इथे शाळा चांगली आहे, आयईपी म्हणजे त्याच्यापुरता आखलेला शिक्षणाचा आराखडा आहे, स्पीच थेरपी शाळेतच आणि फुकट. अशा मुलांना सेवा मिळवून देणाऱ्या इथल्या रिजनल सेंटरने सुद्धा व्हिसा कुठला म्हणून कधी अडवलं नाही, कॅलिफोर्नियाचा १९६९ चा लँटरमन कायदा आहे त्यामुळे. पण २१ झाले की त्याचा एच-फोर संपणार. शाळा २२ पर्यंत शिकवायला तयार आणि व्हिसा २१ लाच खलास! ज्याला एकट्याने रस्ता ओलांडता येत नाही त्याने स्वतःचा व्हिसा आणायचा कुठून? नवऱ्याला मेलबर्नची ऑफर आहे. सासूबाई पुण्यात एकट्याच, त्या म्हणतात इकडेच या. कोणी गेलंय का यातून?

कोथरूडचा_बाबा:
ताई, आम्ही ६ वर्षांपूर्वी न्यूजर्सीहून लेकीला घेऊन परत आलो. तिकडची फाइल इकडे कामाला येत नाही हे आधीच धरून चाला. सरकारी हॉस्पिटलात नव्याने तपासणी, ४०% किंवा जास्त आलं तरच बहुतेक सवलती, मग यूडीआयडी म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र. फॉर्म ऑनलाइन भरता येतो पण मुलाला समोर न्यावंच लागतं. आम्ही सकाळी ८ ला गेलो, दुपारी २ ला नंबर आला, तोपर्यंत लेक कानावर हात दाबून जिन्यात बसलेली. हेडफोन आणि डबा न्याच.

२०१६ च्या अपंग हक्क कायद्यात हक्क खूप चांगले लिहिलेत, पण आमच्या शाळेने पहिल्याच दिवशी सांगितलं शॅडो टीचर, म्हणजे वर्गात तिच्यासोबत बसणारी मदतनीस, तुम्ही आणा, पगार तुम्ही द्या. एक गोष्ट मात्र अजिबात टाळू नका, १८ पूर्ण झाले की तुम्ही आईवडील असलात तरी कायद्याने आपोआप पालक राहत नाही. नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्याखाली कलेक्टरच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करायचा. त्याच ट्रस्टचा निरामय आरोग्य विमाही काढा, वर्षाला १ लाखापर्यंत, आधी मेडिकल टेस्ट लागत नाही, थेरपीचे पण काही पैसे मिळतात.

मेलबर्नकर_७:
ऑफर स्वीकारायच्या आधी मायग्रेशन वकिलाला भेटाच. इथे व्हिसासाठी हेल्थ रिक्वायरमेंट म्हणजे तब्येतीची अट असते, घरातल्या एकाच्या उपचार-सेवांचा अंदाजे खर्च मर्यादेपुढे गेला की अख्ख्या कुटुंबाचा अर्ज नामंजूर होऊ शकतो. २०२४ मध्ये ती मर्यादा ८६,००० ऑस्ट्रेलियन डॉलर केली. ४८२ नंबरच्या, म्हणजे कंपनीने काढलेल्या व्हिसात सूट मागता येते, पॉइंट्सवर मिळणाऱ्या १८९ नंबरच्या व्हिसात नाही. आणि आल्यावर सुद्धा एनडीआयएस, म्हणजे अपंगांच्या सेवांचा खर्च देणारी सरकारी योजना, टेम्पररी व्हिसावाल्यांना नाही, पीआर म्हणजे कायम राहण्याचा परवाना लागतो. तोवर थेरपी खिशातून.

चाकावरचा_सोलापूरकर:
मी स्वतः व्हीलचेअरवर, जर्मनीत नोकरी करतो. इथे अपंगत्वाची ग्रेड ५० किंवा जास्त मिळाली की गंभीर अपंगत्वाचं कार्ड, वर्षाला ५ दिवस जादा रजा, आणि मी भारतीय पासपोर्टवालाच आहे, इथे कायदेशीर राहतो तेवढं पुरलं. सोलापुरात घराबाहेर पडायला भाऊ लागायचा, इथे एकटा ऑफिसला जातो. पण ताप आला की पाणी द्यायला कोणी नसतं, तेही खरंय. राग मानू नका ताई, पण तुमच्या पोस्टमध्ये सगळ्यांचं म्हणणं आहे, मुलाचं नाही. टॅबलेटवर त्याला विचारलंत का?

सॅनहोजेची_आई:
दादा, राग कसला. नव्हतं विचारलं. काल रात्री त्याच्यापुढे इथल्या शाळेचा फोटो, पुण्याच्या घराचा फोटो आणि आजीचा फोटो ठेवला. त्याने शाळेचा उचलला, मग आजीचा उचलून त्याच्यावर ठेवला आणि दोन्ही उशीखाली घेऊन झोपला. मेलबर्नच्या ऑफरला 'नाही' म्हणून कळवतोय. डिसेंबरात पुण्याला जाऊ तेव्हा यूडीआयडीची तपासणी उरकून घेते, मार्चमध्ये १८ होतोय तर पालकत्वाचंही विचारून येते. @कोथरूडचा_बाबा, मराठीतली चित्रकार्डं कुठे मिळतील? त्याचा टॅबलेट इंग्रजीत बोलतो, सासूबाईंना काही कळत नाही.

कोथरूडचा_बाबा:
आम्ही घरीच केली, फोटो काढून खाली मराठीत लिहून लॅमिनेट. शंभरेक आहेत, भाजीवाल्यापासून लोडशेडिंगपर्यंत. फाइल पाठवतो, आवाज मात्र आजींचाच रेकॉर्ड करा.