ऑफ कॅमेरा फ्लॅश: रेडिओ ट्रिगर घ्यावा की ऑप्टिकलवरच भागेल?

फोंड्याचा फोटोवाला
नमस्कार मंडळी, लग्नाचे फोटो काढायला लागून वर्ष झालं. कॅमेरा निकॉन, फ्लॅश दोन, एक गोडॉक्स टीटी६०० आणि एक जुना योंगनुओ ५६० टू. दोन्ही एस१ वर ठेवतो (म्हणजे ऑप्टिकल, दुसऱ्या फ्लॅशचा उजेड दिसला की आपला पेटतो) आणि पॉपअप, म्हणजे कॅमेऱ्यातल्याच छोट्या फ्लॅशने उडवतो, घरात मस्त चालतं. पण रविवारी मोरजीच्या बीचवर प्रीवेडिंग शूट होतं, चारचं ऊन, दहातले सहा फोटो काळपट आले, फ्लॅश पेटलेच नाहीत. पुढच्या महिन्यात मंगेशीला लग्न आहे. उजेडाऐवजी रेडिओ सिग्नलने फ्लॅश उडवणारा ट्रिगर घेऊ का? दोन्ही फ्लॅशना सिग्नल पकडणारे दोन रिसीव्हर घ्यायचे तर बजेट कोलमडतं.

म्हापशाहून
उन्हात असंच होणार दादा, त्या लाल काचेमागच्या सेन्सरला पॉपअपचा उजेड वेगळा कळतच नाही. फ्लॅशचं अंग फिरवून काच कॅमेऱ्याकडे ठेवायची आणि फक्त डोकं नवरा-नवरीकडे वळवायचं, थोडा फरक पडतो, पण भरवसा नाही. आणि बीचवर लेन्स मोठी उघडून २.८ ॲपर्चरला काढायचं तर शटर १/२००० च्या आसपास जातं, म्हणजे हायस्पीड सिंक (एवढ्या वेगवान शटरशी फ्लॅश जुळवणं) हवंच, ते एस१ मध्ये होत नाही. रेडिओच घे.

मडगावकर
लग्नात वेगळाच त्रास. मोबाईलच्या दिव्याने सहसा काही होत नाही, पण पाहुण्यांच्या कॅमेऱ्याचा फ्लॅश पडला की आपला पण उडतो. माझ्या एका लग्नात अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, मी बटण दाबलं आणि फ्लॅश नुकताच दुसऱ्याने उडवलेला, फुल पॉवरला चार्ज व्हायला दोन-तीन सेकंद जातात, तो फोटो गेला तो गेलाच. अजून वाईट वाटतं.
आणि रिसीव्हर कशाला दोन? टीटी६०० मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा रिसीव्हर आतच आहे! फक्त कॅमेऱ्यावर बसणारा गोडॉक्सचा ट्रिगर घे, निकॉनवाला बघून, म्हणजे नावात एन असलेला. ट्रिगर आणि फ्लॅश दोन्हीवर चॅनल एकच ठेव. योंगनुओ एस१ वरच राहू दे, टीटी६०० पेटला की तोही पेटेल.

फोंड्याचा फोटोवाला
अरे, हे माहीतच नव्हतं! पण मग योंगनुओ पाहुण्यांच्या फ्लॅशने उडणारच ना?

मडगावकर
हो, म्हणून तो मागच्या भिंतीवर उजेड टाकायला ठेव, गेला तरी चेहरे अंधारात जाणार नाहीत. चेहऱ्यावरचा उजेड रेडिओवरच हवा. आणि घरी एकदा पूर्ण सेटअप लावून बघ, ट्रिगरचे जादा सेल खिशात ठेव.