नाशिक ते दिल्ली : वडिलांना न्यायचंय, घरापासून घरापर्यंत किती तास धरावेत?

नमस्कार मंडळी,

जानेवारीत भाचीचं लग्न आहे, दिल्लीला. बाबा ७८ वर्षांचे, इन्सुलिनवर. नातीवर अक्षता टाकायला मी येणारच, असं त्यांनी ताईला फोनवर सांगून टाकलंय. तेव्हा न्यायचं हे नक्की. माझं घोडं अडलंय ते वेळेपाशी.

ओझर (नाशिकचं विमानतळ) ते दिल्ली हवाई अंतर साधारण १००० किमी. वर गेलेलं विमान ताशी ८०० किमीच्या आसपास जातं, म्हणजे सव्वा तास पुरायला हवा. तिकिटावर मात्र जवळपास दोन तास दिसतात. चौकशी केल्यावर कळलं की हा वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होतो आणि तिकडे जागेवर लागलं की संपतो. धावपट्टीपर्यंत जाणं, चढता-उतरतानाचा कमी वेग, दिल्लीवर नंबर लागेपर्यंतच्या घिरट्या, सगळं त्यातच धरलेलं असतं.

पण मला दोन जेवणांमधलं अंतर मोजायचंय. आम्ही नाशिकरोडला, बिटकोजवळ. ओझर पंचवीसेक किमी, पण द्वारका चौकात अडकलो तर तास गेलाच. व्हीलचेअर लागणार, म्हणून दोन तास आधी पोचायचं. मग ते दोन तास. उतरल्यावर सामान आणि टॅक्सी मिळून आणखी एक. (लग्नघरही द्वारकेलाच, दिल्लीतल्या. विमानतळापासून जवळ आहे, तेवढं बरं.) सहा तास झाले, तेही सगळं वेळेवर झालं तर.

दोन वर्षांपूर्वी झालं नव्हतं. तेव्हा मुंबईहून निघालो होतो. दिल्लीत धुकं, म्हणून विमानात बसवून अडीच तास तसंच उभं ठेवलं. तासाभरात खायला मिळेल या हिशेबानं बाबांनी इंजेक्शन घेतलेलं. त्यांचा हात थरथरायला लागला, सदरा घामानं पाठीला चिकटला, मी हाक मारली तर नुसतं बघत राहिले. शेजारच्या बाईंनी पर्समधून राजगिऱ्याचा लाडू काढला, तो कुस्करून भरवला तेव्हा कुठे बोलले. तो लाडू नसता तर, हा विचार अजून रात्री येतो. आता खिशात ग्लुकोज असतंच आणि इन्सुलिन हँडबॅगेत; खालच्या सामानात ते गोठू शकतं असं डॉक्टरांनी बजावलंय.

मुंबईहून विमानं भरपूर, आणि जून २०२५ पासून समृद्धीनं इगतपुरीहून थेट आमण्याला उतरता येतं, कसारा घाट टळतो. पण पुढे भिवंडी-ठाण्याची गर्दी आहेच. त्यापेक्षा संध्याकाळची राजधानी बरी वाटते. स्टेशन घराशी, अंतर साधारण १३५० किमी, रात्र गाडीत काढली की सकाळी निजामुद्दीन. तास पंधरा, पण जेवण हातात, पाय पसरता येतात. धुक्यात तीही रखडते, हे ठाऊक आहे.

कुणी जानेवारीत वयस्कर माणसाला घेऊन ओझरहून दिल्लीला गेलंय का? प्रत्यक्ष घरापासून घरापर्यंत किती तास लागले? ओझरला व्हीलचेअर दारापासून मिळते की आत जाऊन सांगावं लागतं? आणि राजधानीनं गेला असाल तर सकाळी किती उशिरा पोचलात? तिकीट या रविवारपर्यंत काढायचंय.