पोराची आणि माझी कटिंग एकाच ठिकाणी, जवळपास कुठं?

ओमचे बाबा (बी-२०३): नमस्कार मंडळी. आम्ही एप्रिलमध्येच सांगलीत विश्रामबागेत राहायला आलोय, आसपासची फारशी माहिती नाही. ओमच्या शाळेच्या डायरीत शेरा आलाय, केस कापून पाठवा म्हणून. त्याची आणि माझी कटिंग एकाच ठिकाणी होईल असं दुकान सुचवा. पोरगं साडेपाच वर्षांचं आहे, मशीनचा आवाज आला की खुर्चीतनं उडीच मारतंय. मागच्या वेळी एका एसी सलूनमध्ये नेलं होतं. कारागिरानं घाई केली, अर्धं डोकं झालं आणि यानं भोकाड पसरलं. उरलेलं मी घरी कात्रीनं केलं. पुढचं विचारू नका.

रोहन (बी-५०२): पुढचं आम्ही लिफ्टमध्ये बघितलंय दादा 😄

रोहन (बी-५०२): शंभर फुटी रोडला नवीन काचेचं झालंय की. फेड, म्हणजे बाजूनं बारीक होत जाणारी कटिंग, लई भारी मारतो. बारक्या पोरांचं माहिती नाय.

सईची आई (ए-४०२): तिथं गाणी एवढ्या जोरात असतात की मोठ्या माणसाचं डोकं उठतं. साडेपाच वर्षांचं पोर काय बसणार तिथं?

पाटील काका (ए-१०१): ओमचे बाबा, विश्रामबाग चौकातनं गणपती मंदिराकडं जाताना आत बोळ आहे, पिठाच्या गिरणीला लागून दोन खुर्च्यांचं दुकान. बोर्ड फिका झालाय, पटकन दिसत नाही. गिरणी विचारा, कुणीबी सांगेल. मूळ दुकान मारुती रोडला होतं, मी तिथला गिऱ्हाईक. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा खुर्च्या, आरसे सगळं पाण्यात. सावरतोय तोवर २०२१ ला परत. मग वैतागून इकडं वर आले. आम्ही गिऱ्हाईकं पण मागनं आलो.

आता पोराचं. त्यांच्याकडं अजून लाकडी फळी आहे, खुर्चीच्या दोन्ही हातांवर आडवी टाकतात, वर टॉवेलाची घडी. पोर उंच बसतं, आरशात स्वतःला दिसतं, कारागिराला वाकावं लागत नाही. हायड्रॉलिक खुर्ची कितीबी वर घेतली तरी बारकं पोर तिच्यात रुततं आणि मान आत जाते. आणि हा माणूस लगेच हात लावत नाही. पहिल्यांदा नुसता कंगवा फिरवतो, मग कात्री हवेत वाजवतो, पोर हसलं की मग पहिली बट. माझ्या नातवाला तर बंद मशीन हातात दिलतं खेळायला. मशीन लावलंच तर मानेवर, शेवटी. कानाजवळ सगळी कात्री. वेळ जातो, पण रडारड नाही.

ओमचे बाबा (बी-२०३): काका, हेच पाहिजे होतं. मोबाईल दिला तर चालतो का? त्याशिवाय हा बसत नाही.

पाटील काका (ए-१०१): चालतो, पण मांडीवर नको. पोर खाली बघतं, मान वाकते, मागची लाईन तिरकी येते. ते स्वतःच आरशाखालच्या फळीवर टेकून ठेवतात. नजर समोर राहते.

सेक्रेटरी: हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे याची सर्व सभासदांनी नोंद घ्यावी. उद्या सकाळी १० ते १२ टाकी धुणार, पाणी भरून ठेवा.

सेक्रेटरी: पाटीलसाहेब, ते डाय करतात का हो?

पाटील काका (ए-१०१): करतात. पण आदल्या दिवशी कानामागं थोडा लावून बघा म्हणतात. खाज सुटली तर सरळ नाही म्हणतात, पैसे दिले तरी.

डॉक्टर वहिनी (बी-३०१): शहाणा माणूस दिसतोय. दुकान कुठलंही असो, ओमच्या बाबांनी दोन-तीन गोष्टी डोळ्यांनी बघाव्यात. दाढी करणार असाल तर ब्लेडचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे. वस्तऱ्यात अर्धं ब्लेड लावतात, म्हणजे एका ब्लेडचे दोन तुकडे होतात. तो दुसरा तुकडा आधीच मोडून ठेवलेला असेल तर कुणावर वापरलाय ते कळायला मार्ग नाही. हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तातसुद्धा सात दिवस टिकतो, रक्त डोळ्याला दिसलंच पाहिजे असं नाही. त्यामुळं नवीन ब्लेड मागायला लाजू नका. मुलाच्या बाबतीत ब्लेडपेक्षा मशीन आणि कंगवा बघा. डोक्यातला नायटा पोरांना त्यातनं पण लागतो. मध्येच गोल चट्टा, पापुद्रे, केस तुटलेले असं दिसलं तर नुसतं मलम चोळत बसू नका, डोक्यातल्या नायट्याला पोटातनंच औषध द्यावं लागतं.

आणि मोठ्यांनी शेवटी मान मोडून घेऊ नये. कट्टकन आवाज आला की बरं वाटतं, पण त्या झटक्यानं मानेतली रक्तवाहिनी फाटून लकवा झाल्याच्या केसेस आहेत. क्वचित होतं, पण होतं. चंपी करून घ्या हवी तेवढी.

जोशी आजोबा (सी-१०४): चाळीस वर्षं मान मोडून घेतोय वहिनी.

डॉक्टर वहिनी (बी-३०१): आजोबा, आता बंद. उद्या बीपीला येताय तेव्हा बोलू.

जोशी आजोबा (सी-१०४): बरं 🙏 ओमचे बाबा, रविवारी मुळीच जाऊ नका. श्रावण तोंडावर आलाय, महिनाभर दाढी न करणारे सगळे आत्ताच रांग लावतात. सोमवारी दुकान बंद. मंगळवारी, शनिवारी आमच्या पिढीतले बरेच जण जात नाहीत, तुमचं तुम्ही बघा. एकदा श्रावण लागला की दुकान रिकामं. फक्त श्रावण वद्य द्वादशीला नाभिक समाजाचे संत सेना महाराज यांची पुण्यतिथी असते, त्या दिवशी जाऊन कुलपाला हात लावून याल.

ओमचे बाबा (बी-२०३): श्रावणापर्यंत थांबलो तर बाई दुसरा शेरा मारतील आजोबा.

सईची आई (ए-४०२): एक विचारू का? सईला पण बॉबकट करायचाय. पार्लरमध्ये लहान मुलीचे पण मोठ्या बायकांएवढे घेतात. पण जेंट्सच्या दुकानात मी बसू कुठं? एकदा गेले होते, चार पुरुष पेपरावरनं बघत होते, मी बाहेर पायरीवर उभी. सईचे बाबा आठवडाभर पुण्याला. दर वेळी शनिवार-रविवारची वाट बघायची का?

पाटील काका (ए-१०१): इथं दाराजवळ बाक आहे, पोरांच्या आया बसतात. दुपारी तीनच्या सुमाराला जावा, तेव्हा गर्दी नसते. बॉबकट करतात. पण केस नीट विंचरून, गुंता काढून न्या. गुंत्यात कंगवा अडकला की पोरगी रडणार आणि नाव कात्रीचं होणार.

रोहन (बी-५०२): काका रेट किती?

पाटील काका (ए-१०१): कटिंग शंभर, बारक्यांचे ऐंशी. तुझ्या फेडचं त्यांना विचारू नको, ते म्हणतात हे डोकं आहे का नारळ.

ईशाची आत्या (सी-३०३): भाचीचं जावळ काढायचंय, नऊ महिन्यांची आहे. ते घरी येतात का? मामाच्या मांडीवर बसवायचं आहे, दुकानात नको.

पाटील काका (ए-१०१): येतात, सकाळी दुकान उघडायच्या आधी. दोन दिवस आधी सांगा.

डॉक्टर वहिनी (बी-३०१): वस्तरा लावू देऊ नका, कात्रीनं बारीक करा. टाळू भरायला साधारण दीड वर्ष लागतं. चकचकीत गोटा झालाच पाहिजे असा आग्रह घरातल्या मोठ्यांचा असतो, तो जरा बाजूला ठेवा.

ईशाची आत्या (सी-३०३): आग्रह सासूबाईंचा आहे, त्या पण याच ग्रुपवर आहेत 🙈

ओमचे बाबा (बी-२०३): काका, नंबर मिळेल का त्यांचा?

पाटील काका (ए-१०१): ग्रुपवर नको, माणूस दिवसभर फोनच घेत बसेल. त्यांना विचारून पर्सनलवर टाकतो.

ओमचे बाबा (बी-२०३): ठीक. बुधवारी हाफ डे टाकतो, तीन वाजता जाऊ. आधी मी बसतो, ओमला नुसतं बघू दे. नाही बसला तर परत आणीन, जबरदस्ती नाही. डायरीत काय लिहायचं ते मी लिहीन.

सईची आई (ए-४०२): बुधवारी सईची शाळा लवकर सुटते. आम्ही पण आलो तर चालेल? दुसरं पोर बसलेलं दिसलं की ओम पण बसेल. सई धीट आहे, तिला आधी बसवू.

ओमचे बाबा (बी-२०३): चालेल काय, पळेल. पण तुम्ही स्वतः या, दोन पोरं एकट्याला आवरायची नाहीत.

सईची आई (ए-४०२): येते की. गिरणी शेजारीच आहे म्हणताय ना, दळण पण होईल.