कण मोठे झाले, पण पृष्ठभागाचं काय?
पेरोव्स्काइट सेल म्हणजे पेरोव्स्काइट या स्फटिकी पदार्थाच्या पातळ थराने उन्हापासून वीज बनवणारा सौर सेल. त्या थरातले स्फटिककण मोठे केले की सेलची कार्यक्षमता आपोआप वाढते, असं म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. खरी गळती थराच्या पृष्ठभागावर होते. थर तापवताना थोडा सेंद्रिय क्षार आणि आयोडीन उडून जातं, शिशाचे आयन उघडे पडतात आणि प्रकाशाने सुटलेले इलेक्ट्रॉन तिथेच अडकून वाया जातात. व्होल्टेज घटतो तो त्यामुळे.

२०१९ साली बीजिंगच्या एका गटाने तयार थरावर फेनिलइथिलअमोनियम आयोडाइड या सेंद्रिय क्षाराचा पातळ लेप दिला आणि २३.३ टक्के कार्यक्षमता गाठली. यातली मोलाची गोष्ट अशी की तापवून त्याचं द्विमितीय (अतिपातळ पापुद्र्यांचं) पेरोव्स्काइट करण्यापेक्षा तो क्षार नुसताच ठेवलेला जास्त उपयोगी पडला. पण छतावरचा सेल उन्हात तापतोच, मग तो क्षार तसाच राहील असं नाही, म्हणून ही पद्धत मला प्रयोगशाळेपुरती वाटते.

त्यापेक्षा २०२१ चा दक्षिण कोरियातल्या उल्सानचा मार्ग मला जास्त भावतो. तिथे मूळ द्रावणातच फॉर्मेट (फॉर्मिक आम्लाचा ऋण आयन) मिसळलं, स्फटिकात आयोडाइडचे आयन नसल्याने राहिलेल्या रिकाम्या जागा भरल्या आणि २५.६ टक्के मिळाले. २००९ मध्ये या सेलची सुरुवात ३.८ टक्क्यांवरून झाली होती!

तुम्ही असे सेल बनवत असाल तर तुमच्या सेलचा व्होल्टेज किती येतो? तो आकडा इथे टाका, मग नेमकं बोलता येईल.