मदत हवी आहे: गोल्फमध्ये ग्रीनजवळ (होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) पोचतो, पण पुढे चार-चार फटके जातात

नमस्कार मंडळी,

मी बडोद्याचा, वय ५४. चार वर्षांपूर्वी गोल्फ सुरू केलं. लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातल्या कोर्सवर दर रविवारी सकाळी खेळतो. दीड वर्ष झालं, स्कोअर (एकूण फटके, कमी तेवढे चांगले) ९८ ते १०४ मध्येच अडकलाय. ड्रायव्हर (सर्वांत लांब मारायचा क्लब, म्हणजे काठी) बरा लागतो, म्हणून सरावालाही तोच घेऊन बसायचो.

गेल्या रविवारी खिशात छोटी वही ठेवली आणि प्रत्येक फटका लिहिला. एकूण १०१. त्यात पट (ग्रीनवर बॉल घरंगळवत होलकडे मारायचे फटके) ४०, आणि ५० यार्डांच्या आतले चिप (बुटके, पळणारे), पिच (उंच) आणि बंकर (वाळूचा खड्डा) मिळून १७. म्हणजे निम्म्याहून जास्त फटके ग्रीनच्या आसपासच गेले! पार ७२ (कोर्ससाठी ठरलेले फटके) मध्ये पटचे ३६ धरलेले असतात, माझे त्याहून चारच जास्त, तेव्हा माझं खरं दुखणं त्या १७ मध्ये आहे.

नेहमीचा प्रसंग सांगतो. बॉल ग्रीनच्या कडेपासून दोन पावलं बाहेर, झेंडा पुढे आठ-नऊ पावलांवर, मध्ये काही अडथळा नाही. मी ५६ अंशांचा सँड वेज (बॉल उंच उडवणारा, तिरक्या तोंडाचा क्लब) काढतो, फेस (क्लबचं तोंड) जरा उघडतो. सध्या जमीन तव्यासारखी कडक आहे. क्लबचा तळ आपटून उसळतो, कड बॉलच्या पोटात बसते आणि बॉल सरळ ग्रीनपलीकडे. पुढच्या वेळी धास्तीने हात आखडतो, मग क्लब आधी जमिनीला लागतो आणि बॉल हातभर सरकतो.

घरी रोज सराव करतो. मागच्या अंगणात पाच पावलांवर जुनी गोधडी पसरतो आणि पायपुसण्यावर बॉल ठेवून ३० चिप मारतो. वीसेक तरी गोधडीवर पडतात. कोर्सवर मात्र तोच हात चालत नाही. चिपला कायम सँड वेजच घ्यावा का? आणि आठवड्याला तीन तास मिळतात, ते कसे वाटू?

प्रतिसाद १

दादा, आधी ते पायपुसणं काढा. क्लब बॉलच्या दोन बोटं मागे पडला तरी पायपुसण्यावरून घसरत पुढे जातो आणि फटका चांगला वाटतो. चूक तिथे कळतच नाही. अंगणात रांगोळीची रेघ ओढा, वजन डाव्या पायावर ठेवा आणि बॉलशिवाय स्विंग करा. रांगोळी रेघेवर किंवा रेघेच्या पुढे उडाली पाहिजे, मागची जमीन कोरी राहिली पाहिजे. हे जमेपर्यंत बॉल ठेवू नका.

फेस उघडला की बाउन्स (क्लबच्या तळाचा उसळवणारा फुगवटा) वाढतो, कडक जमिनीवर तो नकोच. क्लब बदलत जा. बॉल हवेत किती पावलं न्यायचा आणि पडल्यावर किती पावलं पळवायचा ते मोजा. पळण्याला हवेतल्या अंतराने भागा, आलेला आकडा १२ मधून वजा करा. हवेत २, पळून ८, तर भागाकार ४, १२ वजा ४ म्हणजे ८ नंबरचं आयर्न (लोखंडी क्लब). वजाबाकीत १० आलं तर पिचिंग वेज. सपाट, मध्यम वेगाच्या ग्रीनसाठी हा हिशोब. चढावर किंवा पावसाळ्यात जड झालेल्या ग्रीनवर एक क्लब कमी लॉफ्टचा (कमी तिरक्या तोंडाचा).

तीन तासांतला दीड तास चिपला, एक तास पटला. पटमध्येही लांबचेच: १०, १५, २० पावलांवरून, बॉल होलपासून तीन फुटांत थांबला की जमला म्हणायचं. उरलेला अर्धा तास बाकी सगळ्याला.

मूळ लेखक

ताई, मनापासून आभार. काल संध्याकाळी पायपुसणं काढून मारून पाहिलं. ३० पैकी ११ च गोधडीवर पडले. रांगोळी पहिल्या दहा वेळांत सात वेळा रेघेच्या मागे उडाली होती, म्हणजे चूक तीच. दिवेलागणीपर्यंत नुसती रेघच गिरवत होतो, शेवटी शेवटी सलग चार वेळा पुढे उडाली.

रविवारी ८ नंबर आणि वही घेऊन जातो, आकडे इथेच लिहीन. बंकरच्या बाबतीत कुणी सांगेल का? तिथे वाळू पातळ आहे, खाली लगेच कडक लागतं.