मदत हवी आहे : आइस हॉकीतला उत्कृष्ट बचाव ओळखावा कसा?
आइस हॉकीतील गोलरक्षकाचा बचाव खरोखर श्रेष्ठ कधी मानावा, याबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच जाळ्याची एक बाजू अडवून बसलेला गोलरक्षक, पक (खेळातली रबरी चकती) अचानक दुसऱ्या बाजूच्या खेळाडूकडे गेल्यावर अंग झोकून देऊन पॅडच्या टोकाने तो थोपवतो, तेव्हा प्रेक्षक उभे राहतात. परंतु आधीच योग्य जागी सरकून, पक छातीशी दाबून धरणारा आणि रिबाउंडची, म्हणजे पक उसळून पुन्हा प्रतिस्पर्ध्याकडे जाण्याची, संधीच न देणारा गोलरक्षक अधिक कुशल नव्हे काय? (मला तरी तसे वाटते.) १९९८च्या नागानो ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात चेक प्रजासत्ताकाचे गोलरक्षक डॉमिनिक हाशेक यांनी शूटआउटमध्ये (बरोबरी सोडवण्यासाठी एकेका खेळाडूने गोलरक्षकासमोर एकट्याने केलेल्या प्रयत्नांत) कॅनडाचे पाचही प्रयत्न रोखले, तिथे समोर एका वेळी एकच खेळाडू होता; खेळाडूंच्या गर्दीमुळे पक दिसतच नसताना केलेल्या बचावाचे मोल मात्र कोणत्या निकषावर ठरवावे?