वसंतात लहान मुलांसोबत रोज सकाळचा एक तास: बी, फुगे, अळी आणि लांबलेली संध्याकाळ

पालवी:

धाकटी दीड वर्षांची, थोरला चार वर्षांचा. थंडी सरल्यापासून रोज सकाळी तासभर दोघांना घेऊन बाहेर असते. धाकटीला अजून वाक्य येत नाही, पण कोवळ्या पानाकडे बोट दाखवून ‘हे!’ म्हणते. थोरल्याला प्रत्येक गोष्टीचं ‘का’ हवं असतं. हा तास मला दिवसभरातला सगळ्यात आवडता आहे. तो नीट वापरता यावा म्हणून जाणकारांना काही नेमके प्रश्न:

१. ओल्या कापसावर ठेवलेल्या घेवड्याच्या बिया बुळबुळीत होतात, वास येतो, कोंब येत नाही. काय चुकतं?
२. घरी केलेल्या साबणाच्या पाण्याचे फुगे कड्यातून सुटायच्या आत फुटतात.
३. झाडावरची अळी घरात ठेवून तिचं फुलपाखरू होताना मुलांना दाखवता येतं का? अळीला त्रास न होता?
४. उजेड लांबल्यामुळे दोघंही रात्री झोपायला तयार नसतात.

‘यूट्यूबवर बघा’ असं कृपया सांगू नका. करून पाहिलेलं सांगा.

मातीतले_हात:

पहिल्या प्रश्नाबद्दल. बी कुजण्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: पाणी जास्त, हवा कमी. भिजून जागं झालेलं बी जोरात श्वास घेऊ लागतं. चिंब कापसात ते गुदमरतं आणि मग बुरशी-जिवाणूंचं फावतं. म्हणून कापूस सोडा, सरळ उभा काचेचा ग्लास आणि टिपकागद घ्या.

बिया न फुटलेल्या, न सुरकुतलेल्या निवडा. रात्री भिजत घाला, ८ ते १२ तास पुरे. २४ तासांच्या वर बी पाण्यात बुडालेलं राहू देऊ नका. सकाळी स्वच्छ पाण्याने धुवा. टिपकागदाच्या तीन-चार घड्या ग्लासच्या आतून काचेला चिकटतील अशा गुंडाळून उभ्या करा आणि मधल्या पोकळीत चुरगळलेला कागद भरा, म्हणजे बाहेरचा कागद काचेवर दाबून राहतो. आता काच आणि कागद यांच्यामध्ये, साधारण निम्म्या उंचीवर, चार-पाच बिया सरकवा. तळाला फक्त एक-दीड सेंटीमीटर पाणी ठेवा. कागद ते आपोआप वर ओढतो, बीला पाणी कधीच टेकत नाही. सगळी मेख इथेच आहे.

ऊब २० ते २५ अंश असली की दुसऱ्या ते चौथ्या दिवशी मूळ दिसतं आणि आठवड्याभरात वाकलेला कोंब वर डोकं काढतो. १५ अंशांच्या खाली बी रेंगाळतं आणि रेंगाळलेलं बीच कुजतं. वसंताच्या सुरुवातीला रात्री गार असतील तर ग्लास रात्री खिडकीपासून लांब ठेवा. कोंब दिसेपर्यंत उन्हाची गरज नाही.

थोरल्याच्या ‘का’साठी एक प्रयोग. मूळ दोन-तीन सेंटीमीटर झालं की एक बी हळूच फिरवून मुळाचं टोक वर करून ठेवा. एका दिवसात टोक पुन्हा खाली वळलेलं दिसेल. मुळाच्या टोकाशी असलेल्या पेशींमध्ये स्टार्चचे जड कण असतात, ते खालच्या बाजूला जाऊन बसतात आणि त्यावरून मुळाला ‘खाली’ कुठे ते कळतं. काचेवर रोज मार्करने मुळाच्या टोकाशी एक रेघ मारायला त्याला द्या. धाकटीकडे पाण्याचा फवारा द्या, पण मोजून दोनदा. तिसऱ्या दाबानंतर तळाचं पाणी वाढत जातं आणि आपण पुन्हा होतो तिथेच.

बीमधली शिदोरी साधारण दोन आठवडे पुरते. नंतर रोप पिवळं पडतं. पहिली खरी पानं उघडली की मातीत लावा आणि शेजारी काठी रोवा.

कच्चा घेवडा विषारी असतो. दोन-चार बिया चावल्या तरी उलट्या होऊ शकतात. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात सुटं बी द्यायचंच नाही. नाकात गेलेलं बी ओलाव्याने फुगून आणखी घट्ट बसतं. चिमट्याने ओढू नका, सरळ डॉक्टरकडे जा. गुलाबी किंवा निळा रंग चढवलेलं पेरणीचं बियाणंही नको, त्यावर बुरशीनाशक असतं.

आणि घेवड्याच्या जोडीला एक घाईचं बी पेराच. आळीव एक-दोन दिवसांत उगवतं, मोहरी दोन-चार दिवसांत. या बारीक बियांना मात्र कापूस चालतो, ओला करून पिळलेला. आळीव आधी भिजवू नका, त्याला बुळबुळीत थर येतो आणि बिया एकमेकींना चिकटतात. कोरडंच भुरभुरवा. चार वर्षांच्या मुलाला आठवडा फार मोठा वाटतो. दुसऱ्याच दिवशी काहीतरी हिरवं दिसलं की घेवड्याची वाट बघायचं बळ येतं.

उन्हातली_सावली:

फुग्यांसाठी प्रमाण: ६०० मिली पाणी, १०० मिली भांडी घासायचं लिक्विड, १ मोठा चमचा ग्लिसरीन. आधी पाण्यात ग्लिसरीन, मग लिक्विड. चमच्याने सावकाश ढवळायचं, फेस करायचा नाही. फेस झाला तर तो काढून टाका, फेसातून फुगे येत नाहीत. झाकून रात्रभर ठेवलं की मिश्रण जास्त चांगलं होतं. तुमचं पाणी जड असेल, म्हणजे साबणाचा फेसच कमी होत असेल, तर उकळून गार केलेलं किंवा फिल्टरचं पाणी वापरून बघा.

तरीही फुटत असतील तर दोष मिश्रणाचा नसतो, कोरडेपणाचा असतो. फुग्याची भिंत म्हणजे साबणाच्या दोन थरांमधलं पाणी. ते वाळलं की फुगा फुटतो. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं. कोरड्या वाऱ्यात, भर दुपारी काहीही केलं तरी फुगे टिकत नाहीत. सकाळी लवकर किंवा पावसाची सर येऊन गेल्यावर काढा. कडं कोरडं असेल तरी फुगा फुटतो, म्हणून आधी अख्खं बुडवा. आणि हात ओले! ओल्या तळहातावर फुगा अलगद बसतो. हे कळलं की थोरला पुढची वीस मिनिटं दुसरं काही मागणार नाही.

दीड वर्षाच्या मुलीला नळी देऊ नका, फुंकण्याऐवजी ओढते. तुम्ही कडं हवेत फिरवा, तिला फुगे पकडू द्या. थोरल्याला नळी दिलीत तर वरच्या टोकापासून तीन-चार सेंटीमीटरवर टाचणीने दोन भोकं पाडा. फुंकता येतं, ओढलं तर तोंडात हवाच येते. फरशीवर नको, गवतावर किंवा मातीवर खेळा. साबणाने फरशी निसरडी होते.

एक निरीक्षण सुचवते. फुगा फुटायच्या आधी त्याच्या माथ्यावरचे रंग फिकट होत जातात आणि शेवटी तिथे रंगच उरत नाही. भिंत फार पातळ झाल्याची ती खूण. ‘आता फुटणार’ हे मुलांना आधी ओळखता येऊ लागतं.

सावलीचाही खेळ करा. खडूने मुलाच्या पायाभोवती खूण करून सावलीची रेघ काढा, तासाभराने त्याच खुणेवर पुन्हा उभं करा. यातून तुम्हालाही उपयोगाचा नियम मिळतो: सावली उंचीपेक्षा आखूड झाली की ऊन कडक, मुलांना झाडाखाली न्यायची वेळ झाली. वसंतात हवा गार असते म्हणून ऊन जाणवत नाही, पण कातडी तितकीच भाजते.

रानवाट:

अळीबद्दल. माझं स्पष्ट मत: जमत असेल तर अळी झाडावरच राहू द्या आणि रोज त्याच फांदीपाशी जा. मुलांना ‘आपली अळी’ हवी असते, ती बरणीत असलीच पाहिजे असं नाही. फांदीला लोकरीचा धागा बांधून ठेवला की चार वर्षांचं मूल स्वतः जागा शोधतं.

घरात आणायचीच असेल तर एकच अळी आणा, आणि ती ज्या झाडावर सापडली त्याच झाडाची डहाळी सोबत आणा. बहुतेक अळ्या ठरावीक झाडांचीच पानं खातात. दुसरं कितीही हिरवंगार पान ठेवलं तरी त्या उपाशी मरतात. लिंबाच्या झाडावरची अळी नवख्यांना सोपी. लहान असताना ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते. डिवचलं तर डोक्यामागून दुहेरी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. केसाळ अळीला हात लावू देऊ नका, केस त्वचेत रुततात आणि आग होते.

डहाळी पाण्याच्या बाटलीत ठेवा, पण बाटलीचं तोंड कापसाने गच्च बंद करा. अळी डहाळीवरून खाली उतरते आणि पाण्यात बुडते. घरात ठेवलेल्या बऱ्याच अळ्या अशाच मरतात. वरून जाळीदार कापड घाला, घट्ट झाकण नको, आत दव साचून बुरशी येते. पानं रोज ताजी, न फवारलेल्या झाडाची. विष्ठा रोज काढायची. अळीला उचलून हलवू नका. जुनं पान नव्या डहाळीला टेकवा, ती आपणहून जाते.

एक दिवस ती खाणं थांबवते, पातळ विष्ठा टाकते आणि सैरभैर फिरते. आजारी नाही, कोश करायची जागा शोधते आहे. आत एखादी उभी काडी असू द्या. उबदार हवेत आठवडा-दोन आठवड्यांत फुलपाखरू निघतं, गारठ्यात जास्त दिवस लागतात. आदल्या दिवशी कोशातून पंखांचे रंग दिसू लागतात. त्या दिवशी सकाळी बाहेर जाणं रद्द करा, बरीचशी फुलपाखरं सकाळीच निघतात.

निघाल्यावर पंख चुरगळलेले, ओले असतात. लटकून ते पसरायला आणि वाळायला एक-दोन तास लागतात. खाली मोकळी जागा हवी. या वेळात बोट लावलं किंवा ते पडलं तर पंख कायमचे वाकडे राहतात. तो वेळ धाकटीला हाताशी धरून बसायची तयारी ठेवा.

मुलांना आधीच हेही सांगा की काही अळ्यांमधून फुलपाखरू निघत नाही. बारीक गांधीलमाशा अळीच्या अंगात अंडी घालतात आणि मग बाहेर पडते ती माशीच. ‘फसलं’ म्हणू नका, तीही निसर्गातलीच घडामोड आहे.

पालवी:

किती नीट सांगितलंत सगळ्यांनी. काचेचा ग्लास आज रात्रीच मांडते. दोन शंका: धाकटी उचललेलं सगळं तोंडात घालते, खडे, पाकळ्या, सगळं. मग तिने गोळा काय करावं? आणि झोपेचं राहिलं.

चिमणचारा:

मोजमाप सोपं आहे. टिश्यूच्या गुंडाळीतली पुठ्ठ्याची नळी खिशात ठेवा. जी वस्तू नळीतून आरपार जाते ती दीड वर्षाच्या मुलाला नाही. मोठे दगड, तळहाताएवढी पानं, जाड वाळकी काटकी चालेल. थोरल्याला अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे द्या, त्याचे बारीक शोध खळग्यांत राहतात आणि ट्रे त्याच्याच ताब्यात.

कण्हेर, धोतरा आणि घाणेरीची हिरवी फळं यांच्या जवळ दोघांनाही गोळा करू देऊ नका. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे, काटकीसुद्धा. फुलं दाबून वाळवायची असतील तर दव उडाल्यावर तोडा, टिपकागदात घालून जड पुस्तकाखाली दोन-तीन आठवडे. पहिला आठवडाभर कागद दोन दिवसांनी बदला, नाहीतर काळी पडतात.

जमिनीवर पिसं फुटलेलं पिल्लू दिसलं तर लांब व्हा. बहुतेक वेळा ते उडायला शिकत असतं आणि आई जवळपासच असते.

झोपेचं थोडक्यात. एक-दोन वर्षांच्या मुलांना दुपार धरून ११ ते १४ तास, तीन ते पाच वर्षांच्यांना १० ते १३ तास झोप लागते. संध्याकाळचा उजेड मेंदूला ‘अजून दिवस आहे’ सांगतो, म्हणून झोपेच्या तासभर आधी जाड पडदे ओढा, दिवे मंद करा. वेळ एकदम मागे आणू नका, दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटं. उठायची वेळ मात्र रोज तीच. तुमचा सकाळचा बाहेरचा तास इथे मोठी मदत करतो, सकाळच्या उजेडाने शरीराचं घड्याळ जागेवर येतं.

उन्हातली_सावली:

एक राहिलं. वसंतात हवेत परागकण खूप असतात. शिंका आणि डोळ्यांना खाज, पण ताप नाही, असं रोज बाहेरून आल्यावर होत असेल तर घरात शिरताच कपडे बदला, तोंड-हात धुवा. वाऱ्याच्या कोरड्या दिवशी जास्त होतं, पावसानंतर कमी. टिकून राहिलं किंवा श्वासाला घरघर आली तर डॉक्टरांना दाखवाच.

पालवी:

रानवाट, एक विचारायचं राहिलं. कोशातून निघताना लाल थेंब पडतात असं ऐकलं आहे. थोरला घाबरेल का?

रानवाट:

आधी सांगून ठेवलंत तर नाही. ते रक्त नव्हे. कोशात असताना साठलेला टाकाऊ द्रव फुलपाखरू बाहेर आल्यावर टाकतं, तो लालसर किंवा मातकट असतो. खाली पांढरा कागद अंथरून ठेवा, डाग कपड्यावरून सहज जात नाही. आणि ऊन चढल्यावर, वारा पडलेला बघून, जाळी ज्या झाडावरून अळी आणली त्याच झाडाखाली उघडा.